मधलं बोलायचं न्हाई

कडानाना फोटोकडे सरळ बघत नसत. मोबाईल हातात आला की तो नाकाजवळ नेत, मान उजवीकडे वळवत आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. कोंबडी दाण्याकडे बघते तसं. भोरच्या एसटी स्टँडमागे त्यांचा स्टुडिओ आहे. तिथे दर रविवारी सकाळी आम्ही काही हौशी लोक आपापले फोटो घेऊन जमत असू. ही वाकडी मान म्हणजे जाणत्या माणसाची रीत, असं आम्ही धरून चाललो होतो. वेल्ह्याचा वायरमन संपत तर स्वतःही तशी मान वळवायला लागला होता. उत्रोलीच्या शाळेतल्या मॅडम त्याला म्हणाल्या, "संपत, मानेला पट्टा लागेल हो. फोटो तरी तेवढा सुधारू दे आधी."

'कडानाना' हे नावही संपतनेच पाडलेलं. नाना फोटोच्या फक्त कडांवर बोलत, म्हणून. फोटो मध्यावर बिघडत नाही, कडेला बिघडतो, हे त्यांचं सगळं शास्त्र. "मदी काय हाय ते कुणालाबी दिसतं. कडंला काय घुसलंय ते बघ," असं ते दर रविवारी एकदा तरी म्हणत. संपत गुंजवण्याच्या बाजूने राजगडाचे फोटो काढी. समोर भातखाचरं, मागे किल्ला आणि वरच्या कोपऱ्यातून हटकून गेलेली विजेची तार. नाना म्हणत, "अरं, ड्युटी सुटली की वायरबी सोड की जरा." मॅडमच्या फोटोत खालची कड मुलांच्या घोट्यांवरून जाई. "मॅडम, पोरांचे पाय शाळंतच ठिवून आला व्हय?" मॅडम हसत आणि पुढच्या रविवारी पायांसकट मुलं घेऊन येत.

बोलण्याचे नियम होते. ज्याचा फोटो असेल त्याने गप्प बसायचं. 'छान' म्हणायचं नाही. कुणी चुकून म्हटलंच तर नाना दार दाखवत, "छान म्हणायचं आसंल तर चहा प्या आन् घरी जावा." तिसरा नियम मला सगळ्यात आवडायचा. मधलं बोलायचं नाही. फोटोत कोण आहे, काय आहे, ते किती गोड आहे, यातलं एक अक्षर काढायचं नाही. "मधलं ज्यानं काढलंय त्याला म्हाईत हाय. त्याला जे म्हाईत न्हाई त्येवढं सांगा." मी पुण्याच्या एका दैनिकात डेस्कवर काम करते. तिथे आलेल्या फोटोवर लोक काय बोलतात ते रोज ऐकते. नानांच्या या वाक्याइतकी स्वच्छ सूचना मी कुठल्या बैठकीत ऐकलेली नाही.

नाना कौतुक करत नसत असं नाही. त्यांचं कौतुक दोन शब्दांचं होतं, "कड बसली." मला ते पहिल्यांदा मिळालं वेल्ह्याच्या बाजारातल्या एका फोटोवर. त्या दिवशी नानांनी स्वतः उठून मला चहा दिला आणि माझ्या गावची, आंबवड्याची, परतीची गाडी येईपर्यंत स्टँडवर उभे राहिले. गाडी हलली तेव्हा खिडकीखाली येऊन म्हणाले, "पोरी, आता बिघडू नगंस." माझे फोटो पुढे आमच्याच दैनिकाच्या जिल्ह्याच्या पानावर लागायला लागले. पानावर जाणारा कुणाचाही फोटो मी अजून आधी कडेने बघते. हे नानांचं देणं आहे आणि ते मला नाकारता येत नाही.

जो फोटो बसला नाही तो तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर पुसायचा, ही त्या खोलीची रीत होती. "ठिवलास तर त्याचं लाड करशील. पूस." पुसलेला फोटो मोबाईलच्या कचऱ्यात काही दिवस पडून राहतो, हे संपतने नानांना सांगितल्यापासून कचराही रिकामा करावा लागे. संपत स्वतः वाकून खात्री करी. कुणाला त्यात जाच वाटत नव्हता. पुसून बाहेर पडल्यावर उलट हलकं वाटे.

त्या वर्षी भाताची झोडणी चालू असताना मी आंबवड्याला आमच्या खळ्यात दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक फोटो काढला. दादा कॅमेऱ्यासमोर हसत नसत. मोबाईल वर केला की टोपी सरळ करत, ओठ मिटत आणि तलाठी उभा असावा तसे समोर बघत. त्या दिवशी चुलतभावाने झोडायला उचललेली पेंढी त्याच्या हातातून निसटून थेट काकूच्या डोक्यावर बसली आणि दादा तोंड उघडं टाकून, डोळे मिटून हसले. मी तेवढ्यात बटण दाबलं. काकू म्हणाली, "ह्यो एक फोटू ठिव गं. भावजी हसल्याचा पुरावा न्हाई घरात."

रविवारी तो फोटो फिरला. मॅडमनी बघितला आणि म्हणाल्या, "अगं, काय गोड—" नानांनी हात वर केला. "मॅडम. मधलं न्हाई." मॅडम थांबल्या. नानांनी मोबाईल जवळ घेतला, मान वळवली, बराच वेळ बघितलं. "डावीकडं निळं पिंप हाय. आर्धं कापलंय. उजवीकडं पेंढ्यांची उडवी, तिचं टोक गेलं. वर झाडाची फांदी लोंबतीय, कुठनं आली म्हाईत न्हाई. तिन्ही कडा फुटल्यात." मोबाईल माझ्याकडे आला. "पूस."

मी पुसला. संपतने कचरा बघितला.

दादा माघात गेले. आजार असा नव्हता. सकाळी चहा घेऊन शेताकडे निघाले आणि बांधावर बसले ते बसलेच. दहाव्याला नाना आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घरात होता तो नानांच्याच स्टुडिओत काढलेला, पासपोर्टच्या आकाराचा. टोपी सरळ, ओठ मिटलेले.

तो मोठा करून घ्यायला मी भोरला गेले. नाना नव्हते. स्टुडिओ त्यांच्या सूनबाईच बघतात, त्या कॉम्प्युटरवर होत्या. "मामंजी पुण्याला गेल्यात, डोळ्याच्या डॉक्टरकडं," त्या म्हणाल्या. "फरक काय पडायचा न्हाई म्हणा. मधलं दिसत न्हाई ते न्हाईच."

मी विचारलं, "मधलं म्हणजे?"

"मधलं म्हंजी मधलं. समोर बघितलं की मदी काळा डाग. कडंकडंचं तेवढं दिसतं. म्हणून मान वाकडी करत्यात न्हवं? खांब, पिंप, वायर आसलं मोठं कळतं. माणसाचं तोंड काय दिसत न्हाई. आवाजावरनं वळखत्यात सगळ्यांना." त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "ताई, तुमाला म्हाईत न्हवतं? तुमी यायच्या आधीपासनं हाय की हे."

मी मॅडमना फोन केला. सूनबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी नाना मधलंही बोलायचे गं. चेहऱ्यांवर तर फार सुंदर बोलायचे. मग एका रविवारी म्हणाले, आजपासनं मधलं बंद. आम्हाला वाटलं, काहीतरी नवीन शिकवतायत."

मी रविवारी जायचं सोडलं. माझ्याकडून मॅडमना कळलं, मॅडमकडून संपतला. संपत नानांना तोंडावर विचारून आला. नानांनी तिथेच सगळ्यांना खरं सांगितलं. रविवार बंद पडला नाही. मॅडम सांगतात, आता नियम उलटा झाला आहे. फोटो आला की ज्याचा असेल तो आधी मधलं सांगतो, मग नाना कडांवर बोलतात. पुसायची रीत बंद झाली. मॅडमना यात समाधान वाटतं. मला वाटलं नाही. वेल्ह्याच्या बाजारातला तो फोटो मी पुन्हा काढून बघितला. त्याच्या मध्यावर एक म्हातारी करवंदाची पाटी डोक्यावरून उतरवते आहे. नाना ज्याला "कड बसली" म्हणाले, त्या फोटोत म्हातारी आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

दिवाळीत मी एकदाच गेले. दुपारची वेळ होती, स्टुडिओत नाना एकटे बसले होते. मी "नाना" म्हटल्याबरोबर त्यांनी मान वळवली.

"आलीस व्हय. बस."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं तर आलं आसतं का कोण? आंधळ्याला फोटू दावायला?" त्यांनी मान आणखी वळवली. "कडा खोट्या सांगितल्या का मी तुला कदी?"

"नाही."

"पिंप व्हतं का न्हवतं?"

मी त्या फोटोचं नावही काढलं नव्हतं. पण इतक्या फोटोंमधून त्यांना तोच आठवत होता. "होतं," मी म्हटलं.

"आर्धंच व्हतं. निळं. उजवीकडं उडवी, वर फांदी. समदं ध्यानात हाय माझ्या." त्यांचे हात मांडीवर होते. ते एकमेकांत अडकवून ते पुढे झुकले आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. म्हणजे मी त्यांना दिसत नसणार. "त्या दिवशी मॅडम कायतरी बोलत व्हत्या. मी गप केलं त्यांना. कुणी माणूस व्हता का गं त्यात? काय व्हतं मदी?"

दादांचा मोठा केलेला फोटो याच स्टुडिओतून गेला होता. सूनबाईंनी किंवा मॅडमनी त्यांना काही सांगितलं होतं की ते अंदाजाने विचारत होते, मला कळलं नाही. मी पिशवी उचलली.

"खळं होतं, नाना," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. फक्त मधलं सांगितलं नव्हतं.