बाईंची चप्पल

डोळे उघडले तेव्हा नाकावर चप्पल होती. कोल्हापुरी, लाल गोंड्याची. कुणीतरी ती दाबून धरली होती. नववीचा वर्ग, गणिताचा तास. मी जमिनीवर आडवी. स्कर्ट ओला झालेला. पोरं बाकांवर चढून बघत होती.

"चामड्याचीच लागते. प्लास्टिकची चालत नाही," बाई वर्गाला सांगत होत्या. विज्ञानाचा प्रयोग समजावून सांगावा तसं.

चप्पल बाईंचीच होती.

मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "बाई, धुवून घ्या आता. ठाकरीण हुंगली ती!"

वर्ग हसला. बाईही हसल्या. थोड्याच, पण हसल्या. मग बाहेर नळावर गेल्या, चप्पल पाण्याखाली धरली, झटकली आणि पायात घातली.

माझ्या नाकावर दाबलेली चप्पल त्यांनी धुतली. मला तोंड धुवायला पाणी कुणी दिलं नाही.

आमची वाडी नेरळच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. ठाकर आदिवासींची. शाळा खालच्या गावात. बाई त्या गावातल्या मोठ्या घरच्या सून. शाळेची संस्था त्यांच्या सासऱ्यांची. तरीही त्या मला आवडायच्या. माझ्या पेपरवर त्यांनी एकदा लाल पेनानं 'हुशार' लिहिलं होतं. "तू माझी लेकच आहेस," असं म्हणायच्या. जंगलात करवंदं पिकली की पहिला द्रोण मी त्यांच्या घरी न्यायचे. "ओट्यावर ठेव गं," त्या आतूनच सांगायच्या. मी ठेवायचे आणि खुशीत परत यायचे. माझ्या हातातून त्यांनी द्रोण कधीच घेतला नाही, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. चप्पल धुतली त्या दिवशी आलं.

फिट मला आधीपासून यायची. वाडीत आली की आई डोकं मांडीवर घ्यायची. भगत अंगारा लावायचा. त्याचा उपयोग नव्हता, पण हसत कुणी नव्हतं. आणि वाडीत चामड्याची चप्पल होती कुणाकडे?

बाईंनी माझ्या बाला शाळेत बोलावून घेतलं. तो दारातच हात जोडून उभा राहिला. आत बस म्हणून कुणी म्हटलं नाही.

"हिला आता घरीच ठेवा. बाकीच्या मुली घाबरतात. शाळेत काही झालं तर जबाबदार कोण?"

"बाई, पोर हुशार हाय असं तुमीच बोलला हुता."

"म्हणूनच सांगते ना. घरी बसून अभ्यास करू दे. सतरा नंबरचा फॉर्म भरून मी तिला बाहेरून दहावीला बसवते. माझ्यावर सोडा. तिच्या भल्यासाठीच आहे हे."

वाटेत बा म्हणाला, "बाई देवमाणूस हाय गं."

मलाही तसंच वाटलं.

मी झपाटून अभ्यास केला. कुडाच्या भिंतीवर कोळशानं वेळापत्रक लिहिलं. सकाळी गणित, दुपारी लाकूडफाटा आणून झाला की इतिहास, दिवे लागायच्या आत इंग्रजी. बाजारात बाई दिसल्या की विचारायचे, "बाई, फॉर्म?" त्या म्हणायच्या, "भरलाय गं. तू वाच."

हॉल तिकिटं आली असं कळलं तशी मी पळतच शाळेत गेले. बाई शिक्षकांच्या खोलीत चहा पीत होत्या.

"तुझं नाही आलं. तुझा फॉर्म मी भरलाच नव्हता."

"तुम्ही भरला म्हणालात."

"तुला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं. परीक्षेत फिट आली असती तर? आपल्या केंद्राचं नाव गेलं असतं. अगं, तुझ्या भल्यासाठीच."

कप खाली ठेवून त्या पुढे म्हणाल्या, "शिवणकाम शीक. बसून करता येतं."

शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. हाकललं असतं तरी चाललं असतं. पण वर्षभर, दर बाजाराला, माझ्या डोळ्यांत बघून त्या खोटं बोलल्या होत्या. आणि वर माझ्यावर उपकार केल्यासारख्या बसल्या होत्या.

मी रडले नाही. बांधावरून चालत घरी आले. भिंतीवरचं वेळापत्रक पुसलं आणि त्या जागी तीन गोष्टी लिहिल्या. दवाखाना. फॉर्म स्वतः भरायचा. पावती बघितल्याशिवाय कुणावर विश्वास नाही. याद्या करायची सवय मला तिथून लागली. आज मी काम करते त्या कारखान्यात लोक त्यावरून हसतात. हसू दे.

बाला ओढतच कर्जतच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नीट तपासलं. हा मेंदूचा आजार आहे, भूतबाधा नाही, गोळी चुकवायची नाही, असं सांगितलं.

मी विचारलं, "मग चप्पल लावल्यावर फिट थांबते ती कशी?"

"ती आपोआपच थांबते. चप्पल नसती तरी थांबली असती."

म्हणजे ती चप्पल फुकटच होती. तिचा उपयोग एकच झाला. वर्गाला हसायला मिळालं.

गोळ्यांनी फिटा कमी झाल्या, मग बंद झाल्या. खोपोलीजवळ शिळफाट्याला मावशीकडे राहिले. साजगावात पॅकिंगचं काम धरलं. फिटचं आधीच सांगितलं म्हणून दोन ठिकाणी परत पाठवलं. तिसऱ्या ठिकाणीही आधीच सांगितलं. तिथे ठेवून घेतलं. दहावीचा फॉर्म खोपोलीला जाऊन मी स्वतः भरला आणि पावती पदराला बांधून आणली. दहावी झाली, बारावी झाली, पुढे औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा केला. आज त्याच साजगावात एका कारखान्याचा सुरक्षा विभाग माझ्याकडे आहे. पाळी सुरू होताना कामगार रांगेत उभे राहून माझं ऐकतात. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. धारदार वस्तू बाजूला करा. तोंडात काही घालू नका. घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी बोलवा. आणि चप्पल नाही. ते मी दर वेळी सांगते.

मागच्या आठवड्यात बाई माझ्या केबिनमध्ये आल्या. आता त्या मुख्याध्यापिका आहेत. केस पिकलेत. गेटवरच्या रखवालदाराला म्हणाल्या, "माझी लेकच ही, मी घडवलेली." मी खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी पत्रिका पुढे केली. स्नेहसंमेलन, प्रमुख पाहुणी म्हणून माझं नाव, खाली 'यशस्वी माजी विद्यार्थिनी'.

"भाषणात फक्त ते आजारपणाचं नको काढूस हां. मुलींना प्रेरणा मिळेल असं काहीतरी बोल."

मी पत्रिका उघडली नाही. विचारलं, "मंगल कशी आहे?"

मंगल माझ्या भावाची मुलगी. त्याच शाळेत आठवीला. दिवाळीनंतर तिला वर्गात फिट आली आणि तेव्हापासून ती घरी आहे. भावानं हे मला त्याच सकाळी फोनवर सांगितलं होतं. इतके दिवस लपवलं, कारण बाईंनी सांगितलं होतं, पुढचं मी बघते.

बाई गडबडल्या. "अगं, ती तुझी भाची होय? घरीच बरी ती. तिच्या भल्यासाठीच..."

तेच शब्द. तोच आवाज.

"चप्पल कुणाची लावली?"

त्यांनी पर्स मांडीवर ओढली.

"बाई, चप्पल कुणाची लावली?"

"शिपायाची. माझी नव्हती."

मी पत्रिका त्यांच्याकडे परत सरकवली.

"माझं नाव काढा."

"छापून झाल्यात गं सगळ्या. साहेब लोक येणारेत. संस्थेला काय सांगू मी?"

"सांगा, ती सोमवारी येणार आहे. भाषणाला नाही. मंगलला वर्गात बसवायला."

"मोठी झालीस तू," बाई उठत म्हणाल्या. "उपकार विसरलीस."

"कोणते, ते सांगा. लिहून घेते."

त्या निघून गेल्या. चहा तसाच राहिला.

काल भावाचा फोन आला. "ताय, बाई मोठ्या घरच्या हायत. आपल्याला तिथंच ऱ्हायचं हाय. पोर बसंल घरात, पर भांडण नको गं."

"बा पण दारातच उभा राहिला होता," मी म्हटलं. "तू सोमवारी शाळेत आत येऊन बस. नाहीतर येऊ नकोस. मंगलला मी आणते."

सोमवारची रजा टाकली आहे. मंगलच्या गोळ्या सुरू झाल्यात. डॉक्टरांचा दाखला घेतला आहे. शाळेला अर्ज दोन प्रतींत लिहिला आहे, एकीवर पोच घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही. बाहेरून बसवायचा तो सतरा नंबरचा फॉर्म मंगलसाठी कुणीच भरायचा नाही. ती वर्गात बसेल. पहिल्या बाकावर. फिट आली की काय करायचं ते मी सगळ्या वर्गाला शिकवीन, शिक्षकांनाही, आणि करून दाखवायला लावीन.

तिला पुन्हा फिट येईल. कदाचित त्याच दिवशी, सगळ्यांसमोर येईल. येऊ दे. मुली तिला कुशीवर वळवतील, कुणी घड्याळ बघेल, कुणी पाणी आणेल तिचं तोंड धुवायला.

आणि चप्पल ज्याची त्याच्या पायात राहील. बाईंचीही.