भावजींचा रेडिओ गप्प झाला

माझे धाकटे दीर जन्माचे भित्रे. घरात सगळे त्यांना ससा म्हणतात. लिफ्टला भितात, पालीला भितात, दाराची बेल वाजली की आधी आतल्या खोलीत शिरतात. पण देवानं गळा असा दिलाय, की माइकसमोर बसले की वाटावं, हा माणूस वाघाला कान धरून उभा करील. आमच्याच रस्त्याच्या टोकाला, बँकेच्या वर एक खासगी रेडिओ स्टेशन आहे, तिथं ते सकाळचे निवेदक. सगळा कारभार जाहिरातींवर. जाहिरात नाही तर पगार नाही.

त्यांना सगळ्यांत मोठी भीती शांततेची. चार माणसं गप्प बसली की त्यांच्या तोंडून काहीतरी निसटतंच. माझ्या लग्नाच्या बोलण्यात दोन्हीकडची मंडळी हटून बसली होती, कुणी तोंड उघडेना, तेव्हा भावजीच म्हणाले होते, "वहिनी, पाणी देता का?" झालं, तिथंच लग्न ठरलं.

तसंच ऑफिसात झालं. मालकांनी सगळ्यांना बसवून विचारलं, "सकाळी लोक आपल्याला ऐकत नाहीत. काय करायचं?" सगळे टेबलाकडे बघत राहिले. भावजींना ते सोसेना. म्हणाले, "सकाळभर फक्त आपल्या भाषेतली गाणी लावू या."

"लावा," मालक म्हणाले. "महिनाभर बघू. नाही चाललं तर कार्यक्रमही घरी आणि तुम्हीही."

घरी आले ते पांढरेफटक. "वहिनी, मी काय बोलून बसलो हो!"

त्या महिन्यात माणूस अर्धा झाला. जाहिराती आणणारा रोज दुकानं फिरून यायचा आणि भावजींच्या खुर्चीमागे उभा राहून सांगायचा, "दुकानदार म्हणतात, ही गाणी लावली तर गिऱ्हाइकाला माल स्वस्तातला वाटतो." दुकानांत काय वाजतंय ते ऐकायला मालक गाडीची काच खाली करून बाजारातून येत. सगळीकडे बाहेरच्या भाषेतलीच गाणी. ऑफिसातला फोन तर मेल्यासारखा पडून. आमच्या भिंतीपलीकडच्या मावशींना मी आडून विचारलं, तर नाक मुरडून म्हणाल्या, "आम्ही नाही बाई ऐकत. आमच्याकडे नवीनच लागतं सगळं."

एकदा भावजी हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही आवाज बदलून फोन कराल?"

"ज्या तोंडानं देवाचं नाव घेते त्याच तोंडानं खोटं बोलू?"

"बरं, राहिलं," म्हणाले, आणि ताटावरून उठले.

शेवटच्या दिवशी मालक स्वतः स्टुडिओत बसणार होते. भावजींना बूट घालता येईनात. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "ससोबा, मालक आहे तो, लांडगा नाही." मी देवाला हात जोडून त्यांना दारापर्यंत सोडलं.

मग कणीक भिजवायला घेतली आणि रेडिओ लावला. भावजींचा नमस्कार आला. आवाज जरा ओढलेला, पण ठीक. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. आणि मग काहीच नाही.

मी वाट बघितली. बटण फिरवलं. बाकीची स्टेशनं खणखणीत वाजत होती, आमचंच मुकं. चक्कर आली असेल? छातीत कळ? ज्या माणसाला शांतता सोसत नाही त्याच्याच रेडिओवर ही असली शांतता! देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना.

तेवढ्यात भिंतीवर थाप पडली. "अहो, तुमचाही बंद पडलाय का?" मावशींचा आवाज! "ते गाणी लावणारे कुठे गेले?"

उत्तर द्यायला मी थांबलेच नाही. हाताची कणीक तशीच, चपला उलट्यासुलट्या, रस्त्यावर आले. खिडक्यांतून बायका डोकावत होत्या. "काय झालं हो त्यांना?" एक म्हातारी खाटेवरचा रेडिओ हातात घेऊन दारात आली होती. इतक्या जणी! माझा धीर आणखीच सुटला. वाटलं, ह्या सगळ्यांना कळलंय आणि मलाच कुणी सांगत नाही.

वर ऑफिसात सगळे फोन एकदम वाजत होते. जाहिरातवाला दोन्ही कानांना दोन फोन लावून ओरडत होता, "हो बाई, जिवंत आहेत! येतील, येतील!"

काचेपलीकडे भावजी बसले होते. डोळे उघडे, तोंड उघडं, घामानं थबथबलेले. समोर मालक, हाताची घडी घालून. दारावर लाल दिवा होता. तो लागला की आत जायचं नसतं, हे मला काय ठाऊक? दार ढकलून मी आत गेले.

"भावजी, अहो, इकडे बघा. मी आलेय."

"वहिनी, आवाजच येत नाहीये," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"आलाच की आत्ता. लावा गाणं. मावशी भिंत फोडतायत तिकडे."

हे सगळं जसंच्या तसं रेडिओवर गेलं. माइक चालूच होता.

गाणं लागलं तशी मी भिंतीला टेकून खालीच बसले. आता नोकरी गेली म्हणून रडू आवरेना. मालक मात्र बाहेर जाऊन त्या वाजणाऱ्या फोनांकडे बघत उभे होते.

"साहेब," जाहिरातवाला म्हणाला, "फोन आलेत खरे, पण आपल्या जाहिराती मोटारींच्या, आणि ह्या बायका मोटारी घेत नाहीत."

"साबण घेतात ना?" मालक म्हणाले. "मग साबणवाल्याकडे जा. मोटारवाल्याच्या दारात काय बसलायस? बाजारात नाही, स्वयंपाकघरात ऐकतायत हे लोक. चालू ठेवा. सहा महिन्यांनी बघू."

वाटलं होतं, आता तरी ससा स्वस्थ झोपेल. आज सकाळी बघते तर एक बूट हातात घेऊन उंबऱ्यावर बसलेले. मावशींचा रेडिओ आता उजळ माथ्यानं मोठ्यानं चालू होता.

"वहिनी, इतके दिवस भीती होती की कुणी ऐकत नाही."

"मग आता?"

"आता सगळे ऐकतात हो!"

मी त्यांना रस्त्याच्या टोकापर्यंत सोडून आले. परतताना प्रत्येक खिडकीतून जाहिरात ऐकू येत होती, साबणाची. जाहिरात संपली. सगळा रस्ता गप्प झाला. माझा पाय उचलेना. मग सगळ्या खिडक्यांतून एकदम आला, त्यांचा नमस्कार.