चाली त्यांच्या, कॅसेट माझ्या

दिल्लीत स्वतःच्या चाली बांधणारी मराठी माणसं होती म्हटलं की लोक हसतात. होती. मला चार ठाऊक होती, चौघंही सरकारी नोकरीतली. त्यांतले एक करोल बागेत आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. दिवसभर ऑफिसात नकाशे काढायचे आणि संध्याकाळी दार लोटून पेटी काढायचे. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आणि ऐकायला घरात एकट्या वहिनी. मला ते बघवेना. कुणाचं भलं करायची खुमखुमी तेव्हा माझ्या अंगात फार होती.

म्हणून मी महिन्यातून एका रविवारी दुपारची बैठक सुरू केली, एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत. नियम एकच, गाणं स्वतःचं हवं. पहिल्या बैठकीला अकरा माणसं आली, त्यांतली सात गाणाऱ्यांच्याच घरची. दुसऱ्या वेळी ती सातही पुरी आली नाहीत.

तिसऱ्या महिन्यात मी कच खाल्ली. आपल्या मंडळींना फर्माइशीची चिठ्ठी लिहायला मिळाली की ती हलत नाहीत, हे मला माहीत होतं. मध्यंतरात बटाटेवड्याच्या बशीबरोबर कोऱ्या चिठ्ठ्या फिरवल्या आणि खोली भरली. सगळ्या चिठ्ठ्यांवर तीच ती गाजलेली गाणी. मी आमच्या वरच्या मजल्यावरच्यांना म्हटलं, "तीन चिठ्ठीतली, मग एक तुमचं. चालेल ना?"

"चालेल की," ते म्हणाले. "माणसं बसायला तर हवीत."

बाजार नुकताच खुला झाला होता. माझ्याकडे दोन कॅसेटींचा परदेशी डेक आला आणि मी त्याच्यासकट बैठकीत मिरवू लागलो. बैठक टेप करायची, प्रती काढून वाटायच्या. तोवर मंडळी फ्लॅट घेऊन नोएडाला, द्वारकेला पांगायला लागली होती. नवी गाडी, गाडीत टेप, आणि टेपमध्ये माझी कॅसेट. एक दिवस एकाने मला हळूच बाजूला घेतलं. "यार, कॅसेट एकदम मस्त असते तुझी. पण ते मधेमधे कुणाचं तरी गाणं येतं ना, ते काढता आलं तर बघ. बच्चे बोअर होतात."

काढता येत होतं. गाणाऱ्याचं स्वतःचं गाणं सुरू झालं की बटण दाबायचं आणि पुढची फर्माईश आली की पुन्हा चालू करायचं. डेकवरचा लाल दिवा विझायचा आणि लागायचा. ज्यांची गाणी लोकांपुढे यावीत म्हणून मी हे सगळं मांडलं होतं, त्यांचीच मी अंगठ्याने काढून टाकत होतो. तेव्हा मला त्याची लाज वाटली नाही, हे आज सांगताना वाटते.

मग एका हिवाळी रविवारी गाण्याआधी वरच्या मजल्यावरचे ते माझ्याजवळ आले. स्वतःसाठी त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. "आज नवीन आहे. तुमच्या वहिनींवरच केलंय, पण त्यांना अजून पुरतं ऐकवलेलं नाही. त्या आज घरी पडून आहेत, ताप आहे. तेवढं टेप कराल?"

"बिल्कुल!" मी म्हटलं.

तीन फर्माइशी झाल्या. त्यांनी पेटीवर नवा सूर धरला आणि माझा अंगठा सवयीने बटणावर गेला. मी चिठ्ठ्या लावत बसलो, वडे कमी पडतील का ते पाहून आलो. पुढच्या फर्माइशीसाठी हात डेककडे गेला तेव्हा कळलं काय केलंय ते. त्यांची पेटी डेकपासून दोन हातांवर होती. विझलेला दिवा त्यांना दिसला नसेल, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो.

मी काही बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही. पुढच्या महिन्यापासून ते नुसत्या चिठ्ठ्या गायचे. "नवीन?" म्हटलं की "सध्या काही सुचत नाही." वर्षाच्या आत बैठक बंद पडली आणि मीही द्वारकेला फ्लॅट घेतला.

ते वारल्यावर दोन महिन्यांनी वहिनी आल्या. मेट्रो तेव्हा नव्हती, दोन बस बदलून आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी एक वही काढली. गच्चीवरच्या हिवाळी उन्हाबद्दलच्या आठ ओळी होत्या, आणि त्या उन्हात केस वाळवणारी बाई.

"शब्द आहेत भाऊजी, चाल नाही. घरी तुकड्यातुकड्यांनी गुणगुणायचे, कधी पूर्ण गायले नाहीत. मी मागे लागले की म्हणायचे, भाऊजींनी टेप केलंय, मग निवांत ऐक."

टेप झालंय असं त्यांना खरंच वाटलं असतं, तर त्यांनी माझ्याकडे कॅसेट मागितली असती. म्हणजे दिवा त्यांना दिसला होता. घरी जाऊन ते माझ्यासाठी खोटं बोलले होते.

मी कॅसेट लावली. तिसरी फर्माईश संपली. त्यांचा आवाज आला, "आता हे एक माझं..." आणि खट्ट. लगेच चौथी फर्माईश. मी पुन्हा मागे घेऊन लावली, जणू दुसऱ्यांदा तिथे काही निघणार होतं. मग वहिनींना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही समोरच होतात ना? ऐकलं असेलच. पहिली ओळ फक्त गुणगुणा. तेवढ्यावरून मी पुढचं उचलेन."

मी डोळे मिटले. ती खोली आठवली, वड्यांचा वास आठवला, त्यांची मान आठवली. तोंड उघडलं आणि सूर आलाही. वहिनी वहीवर बोट ठेवून पुढे झुकल्या. दुसऱ्या ओळीला त्यांचं बोट थांबलं.

"ही चाल चिठ्ठीतली," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी वही मिटली.