वाल्मिकनं पाण्यात टाकलेला रंग

गिऱ्हाईक पार्टीनं साडीचा बोटभर तुकडा आणून टेबलावर टाकला, की वाल्मिक तो खिडकीशी धरायचा आणि सांगायचा, ह्यात पिवळा जास्त आहे, निळा नावाला, आणि लाल तुमच्या मागच्या मिलवाल्यानं चुकून पाडलाय. सचिन गावच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये तो एकवीस वर्षं हेच करत होता. शिरपूरकडून आला तेव्हा कापड रंगवायच्या जिगर मशीनवर हेल्पर होता, आता कलर मास्टर. लिंबायत वस्तीतल्या त्यांच्या गल्लीत कुणी नवा पडदा आणला तरी पक्का रंग आहे का ते विचारायला आधी त्याच्या दाराशी यायचं. रंगाच्या बाबतीत वाल्मिक गोंधळला असं कुणी पाहिलं नव्हतं.

ह्या चैत्रात मात्र तो पाण्याच्या फिल्टरवरून पार चक्रावून गेला.

गल्लीतून दरवर्षी पंचवीस-तीस बायामाणसं पायी सप्तशृंगीच्या गडावर जात. चिखली, वांसदा, वघई, मग डांगच्या जंगलातून सापुतारा, आणि तिथून वणी. पोचायला आठवडा लागायचा. वाल्मिकच्या बायकोनं, सुषमानं, लेकीच्या बाळंतपणाच्या वेळी पाच वर्षं पायी येईन असं देवीला बोलून ठेवलं होतं. गेल्या वर्षी तिसरी खेप झाली. वघईच्या पुढे उन्हानं जीव चालला होता, तर तिनं रस्त्याकडेच्या डबक्यासारख्या ओहोळातलं पाणी ओढणीनं गाळून प्यायलं. गडावर गेली, घरी आली, आणि दहाव्या दिवशी ताप चढला. टायफॉईड. अकरा दिवस दवाखाना आणि नंतर दोन महिने गळणाऱ्या केसांचे पुंजके. डॉक्टरांनी सुटी देताना वाल्मिकला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आतडं थोडक्यात वाचलंय, पुन्हा हेच झालं तर मी काही बोलू शकत नाही.

"यंदा जाऊ नको," वाल्मिक म्हणाला.

"जासू," सुषमा गावाकडच्या बोलीत म्हणाली. "माले चालाले पाय शेतस. पानीनं काय ते तुम्ही दखा."

जथ्याची पुढारी होती शेजारची धुरपदाबाई. वय पासष्ट, गडाच्या एकोणीस वाऱ्या, आणि पायात अजून साधी रबरी चप्पल. तिनं दारातूनच निकाल दिला. "बाटल्यास्नं पानी घ्या म्हनतस तर डांगमा दुकान कोठे शे रे वाल्मिक? आनि पंधरा बाटल्या डोकावर लई चालाले ती काय बैल शे?"

उकळलेलं पाणी सोबत नेलं तरी ते पहिल्या दिवशीच संपणार. जथा कुठे थांबेल, कुठे चूल मिळेल, सगळं देवीवर. म्हणून वाल्मिकनं मोबाईलवर शोधलं, आणि तिथून त्याची झोप उडाली. डोंगरात फिरणाऱ्या लोकांसाठी खिशात मावणारे फिल्टर मिळतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यात नळीसारखे होते, बाटलीसारखे होते, पिशवी पिळायचे होते, पंपाचे होते. एका ठिकाणी मायक्रॉनचा आकडा, दुसऱ्या ठिकाणी किती लिटर चालेल तो आकडा, तिसरीकडे नुसता एक गोरा माणूस नदीत तोंड घालून हसतोय. एक माणूस व्हिडिओत म्हणे बाटली घ्या, त्याखाली अडीचशे जण म्हणत बाटली घेऊ नका.

रविवारी तो घोडदोड रोडच्या एका दुकानात गेला. तंबू, बूट, दोऱ्या, आणि काचेच्या कपाटात फिल्टर. दुकानातल्या मुलीनं दोन समोर ठेवले. एक बाटली, जिच्या झाकणाखाली कोळशाचा काळा गठ्ठा होता. दुसरा वीतभर लांब पांढरा नळकांडा, त्याला जोडायची मऊ पिशवी.

"बेमां शुं फरक?" वाल्मिकनं विचारलं.

"काका, आ कार्बन, आ मेम्ब्रेन. बन्ने सारां छे."

दोन्ही चांगले, हे उत्तर वाल्मिकला लॅबमध्ये कधी चाललं नव्हतं. दोन शेड सारख्या असतच नाहीत. तो दोन्ही घेऊन घरी आला. सुषमानं पांढरा नळकांडा हातात घेतला, पिशवी दाबली, हवा फस्सकन बाहेर आली.

"हाऊ फिल्टर शे का पिचकारी?"

"मेम्ब्रेन आहे ते."

"मंग ते काय शे?"

ते कळावं म्हणून सोमवारी वाल्मिक दोन्ही लॅबमध्ये घेऊन गेला.

आधी त्यानं पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएसचा मीटर बुडवला. मिलमध्ये बोअरचं पाणी ह्याच मीटरनं पास-नापास व्हायचं. फिल्टरआधी सहाशे ऐंशी, पिशवीच्या फिल्टरनंतर सहाशे ऐंशी. कोळशाच्या बाटलीनंतर सहाशे सत्तर. त्यानं मीटर पुसला, पुन्हा बुडवला, तेच. मग त्यानं ते केलं जे एकवीस वर्षं रंगात हात घातलेला माणूसच करील. पाण्यात काय आहे ते दिसत नाही ना, मग दिसेल असं काहीतरी टाकू. टेबलावर नायलॉनच्या अस्तरासाठी काढलेला निळा रंग होता. त्याची चिमूट त्यानं बीकरमध्ये सोडली. पाणी आभाळासारखं झालं.

पिशवी पिळली. पलीकडून निघालं तेही आभाळासारखं.

बाटलीतून ओतलं. बिनरंगी, नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ!

वाल्मिकनं ते खिडकीशी धरलं. डाग नाही, झाक नाही. गोष्ट मिटली. कोळशाची बाटली सुषमाला, पिचकारी परत. संध्याकाळी त्यानं बाटलीवर खडूनं तिचं नावसुद्धा लिहिलं.

गुरुवारी पहाटे जथा निघणार होता. मंगळवारी दुपारी राकेश डबा खायला लॅबमध्ये आला. राकेश मिलच्या सांडपाण्याच्या प्लान्टवर होता. त्याचे वडील रेल्वेत गँगमन होते आणि तो घरातला पहिला बीएस्सी. नदीत सोडायच्या आधी मिलच्या पाण्यातली घाण जिवाणूंना खाऊ घालायची, हे त्याचं काम. वाल्मिकनं मोठ्या अभिमानानं त्याला प्रयोग दाखवायला घेतला. त्या दिवशी टेबलावर पॉलिएस्टर साडीचा लाल रंग उघडा होता. तोच घेतला, ढवळला, दोन बीकर भरले.

बाटलीतून पाणी गुलाबी आलं.

पिशवीतून आलं ते जवळजवळ स्वच्छ.

वाल्मिकनं बीकरची जागा बदलली, जणू ते आपसांत अदलाबदल करून त्याला फसवत असावेत. पुन्हा पिळलं, पुन्हा ओतलं. बाटलीतून गुलाबीच. पिशवीचा फिल्टर आता घट्ट लागत होता, पिळताना अंगठे दुखले, पण थेंब स्वच्छच पडत होते.

"काल उलटं होतं," तो म्हणाला. "राकेश, काल अगदी उलटं होतं रे. आईची आण."

"काल हाच लाल घेतला होता?"

"निळा होता. नायलॉनचा. रंग तो रंग, त्याला काय?"

राकेशनं चपातीचा घास हातातच ठेवला. "वाल्मिकभाऊ, एकवीस वर्षं तुम्ही रंगात आहात आणि मीच विचारू? नायलॉनचा रंग पाण्यात कसा जातो?"

"साखरेसारखा. विरघळतो."

"आणि पॉलिएस्टरचा?"

"तो कुठे विरघळतो? तो ढवळत ठेवावा लागतो. थांबला की तळाला बसतो." बोलता बोलता वाल्मिकचा आवाज हळू झाला. हे तर तो हेल्परांना पहिल्या आठवड्यात शिकवायचा. विरघळलेलं भोकातून सुटतं, नुसतं तरंगतं ते अडतं. पिशवीचा फिल्टर म्हणजे फक्त बारीक भोकं. कोळसा मात्र विरघळलेला रंग स्वतःला चिकटवून घेतो, आणि तरंगणाऱ्या कणांना मोकळी वाट देतो.

"मग," त्यानं विचारलं, आणि आता त्याला खरी भीती वाटली, "टायफॉईडचा जंतू कसा असतो? निळ्यासारखा की लालसारखा?"

"विरघळत नाही भाऊ तो. त्याला अंग असतं. आमच्या टाकीत जिवाणू हजारोंनी एकमेकांना धरून खाली बसतात, रोज बघतो मी. लालसारखा समजा."

म्हणजे खडूनं नाव लिहिलेली बाटली सुषमाच्या हाती दिली असती, आणि पाणी आरशासारखं स्वच्छ दिसलं असतं, आणि तिनं विश्वासानं प्यायलं असतं. वाल्मिक स्टुलावर बसला.

"पण थांबा," राकेश म्हणाला. शिकलेल्या माणसाला एवढ्यावर थांबता येत नाही. "काविळीचा विषाणू याहून बारीक असतो. तो पिशवीतूनही जाईल. त्याला क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबावं लागतं."

"आणि आपल्या इथल्या नाल्याचं पाणी?"

"मिलवाल्या नाल्याचं? त्यातला रंग, रसायन विरघळलेलं असतं. पिशवीतून निघालं आणि थेंबही टाकले तरी ते पिऊ नका. वहिनींना सांगा, जंगल लागेपर्यंत नळाचंच."

वाल्मिकच्या डोक्यात आता तीन-चार प्रकारची पाणी एकात एक मिसळली होती. एक गोष्ट तरी हाती लागली होती, पिशवीवालाच न्यायचा. त्यानं तो उचलला, तर आतून लाल. फिल्टर धुवायला सोबत आलेल्या पिचकारीनं उलटं पाणी मारलं, लाल. दहा वेळा मारलं, गुलाबी. त्यानं स्वतःच्या हातानं योग्य फिल्टर ओळखला होता आणि ओळखता ओळखता त्याची वाट लावली होती.

"हा आता माणसानं तोंडाला लावायचा नाही," राकेश म्हणाला, आणि मग त्याला इतकं हसू आलं की त्याला ठसका लागला.

बुधवारी संध्याकाळी पाळी संपवून, वाटेत क्लोरीनचे थेंब घेऊन वाल्मिक परत घोडदोड रोडला. कपाटात शोसाठी ठेवलेला एकच उरला होता. मुलीनं ओळखलं, तिला वाटलं पहिला इतका आवडला की दुसरा हवाय. "काका, पहेलुं बहु गमी गयुं?"

"बहु," वाल्मिक म्हणाला.

पहाटे चार वाजता गल्ली हळदीकुंकवानं आणि घोषणांनी जागी झाली. वाल्मिक सुषमाला एका कोपऱ्यात घेऊन शिकवत होता. हे मळकं टोक, हे चोखं टोक, यांची गाठ पडू द्यायची नाही. पिशवी पिळायची, थेंब टाकायचे, अर्धा तास थांबायचं. धुरपदाबाईनं भगवा झेंडा खांद्यावर टाकत हाक मारली. "वाल्मिक, सोड तिले! अर्धा तासमा आम्ही उधना पार करसूत!"

सुषमा आठव्या दिवशी बसनं परतली. काळवंडलेली, टाचा फुटलेल्या, चेहरा मात्र खुललेला. फिल्टर तिनं साडीच्या घडीत जपून आणला होता.

"प्यायलीस ना यातलंच?"

"जंगलमा यानंच. थेंबबी टाकात. धुरपदाबाई चिडे, तरी टाकात."

वाल्मिकनं सुस्कारा सोडला.

"पन वांसदाले लोके ताक वाटी ऱ्हायंतात," ती पाय चोळत म्हणाली. "वघईले लिंबूनं सरबत. सापुताराले एक म्हातारी घरनं माठनं पानी लयी रस्तावर उभी व्हती, अनवानी. मी नई कसं म्हनू? गडवर जाणाऱ्यानं सेवानं पानी नई म्हननं म्हंजे तिना हात झटकना. पिनू मी. सगळास्कडे पिनू."

वाल्मिकनं कपाळाला हात लावला. सरबतातलं पाणी कुठलं होतं, बर्फ कुठला, माठ कधी धुतला, काही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी राकेशला सांगितलं तर तो म्हणाला, "प्रयोग फसला भाऊ. आता तीन आठवडे ताप बघा." वाल्मिकनं थर्मामीटर आणला. रोज सकाळी कामावर जायच्या आधी तो सुषमाच्या तोंडात ठेवायचा. दहावा दिवस आला तेव्हा त्याच्या हातून मिलमध्ये एक आख्खी शेड चुकली, हिरव्यात पिवळा दुप्पट पडला. अकरावा गेला. चौदावा गेला. लेकीचा रोज फोन, आणि सुषमाचं एकच, माले काय धाड भरनी.

बाविसाव्या दिवशी पारा अठ्ठ्याण्णवाच्या थोडा वर थांबला, रोजच्यासारखा. सुषमानं थर्मामीटर तोंडातून काढला, धुतला आणि त्याच्या हातात दिला.

"आते तरी सांगा, काय वाचाडं माले? तुमना फिल्टर, ते थेंब, का गडवरनी आई?"

वाल्मिकनं तोंड उघडलं. पिशवीतून जंतू अडले असतील, हे खरं. सरबतात जंतू नसतीलच, हेही होऊ शकतं. असूनही तिच्या अंगानं ह्यावेळी परतवले असतील. आणि ती म्हणते तसंही असेल. कुठल्या बीकरमध्ये काय होतं हे लिहिलेलंच नाही, तर निकाल कसा द्यायचा?

"माले नई माहीत," तो म्हणाला.

सुषमा हसली. "हां. आते खरं बोलनात," ती म्हणाली, आणि चहाला पाणी ठेवायला आत गेली.