त्या रविवारी आई बाकावरून उठल्या नाहीत

तरुणपणी मी देवाचे आभार फार मोठ्याने मानत असे. मोठ्याने म्हणजे खरोखरच मोठ्याने. मुलुंडला आमच्या दोन खोल्या होत्या, मधली भिंत पातळ, आणि भिंतीपलीकडे मालवणकडचं एक कुटुंब. त्या घरातली बाई एकदा दुधाच्या केंद्रावर रांगेत सगळ्यांसमोर मला म्हणाली, "काय गो, तुमचो देव बहिरो आसा काय? माझा पोर सांजचा कसाबसा निजता, नि तुझा आमेन इला की उठून बसता!"

रांग हसली. मी मात्र घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की आज विश्वासासाठी माझी निंदा झाली. त्याने पेपरातून डोकं वर काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात घातलं. आज सत्तरीला टेकल्यावर मला त्या माणसाच्या संयमाचं कौतुक वाटतं.

पंचवीस वर्षांची होते मी. भांडुपच्या एका शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. लग्नाला तीन वर्षं झालेली. आमच्या चर्चच्या मंडळीत तरुण बायकांमध्ये सगळ्यात लांब प्रार्थना माझी, आणि ही गोष्ट देवाच्याही लक्षात आली असणार याबद्दल मला शंका नव्हती.

लग्नानंतर वर्षभरात माझ्या सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. त्यांना मी आई म्हणायची. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी नर्स म्हणून केली होती. निवृत्त झाल्या, पण वॉर्ड त्यांच्या अंगातून गेला नव्हता. चादरीचे कोपरे त्यांच्या पद्धतीनेच दुमडायचे. बाहेरून आलं की हात कोपरापर्यंत धुवायचे, मग पाणी प्यायचं. आणि रोज संध्याकाळी घरातले सगळे चमचे पातेल्यात घालून उकळायचे. सगळे! वापरलेले, न वापरलेले, पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेलेसुद्धा. गॅसचा नंबर लावून सिलिंडर यायला तेव्हा महिना महिना लागायचा, आणि आमच्या घरी त्या गॅसवर चमचे खळखळत असायचे.

आईंची प्रार्थना नर्सने ड्यूटी बदलताना वॉर्डचा रिपोर्ट द्यावा तशी असे. "बापा, भाकर मिळाली, पाणी आलं, पोरगा घरी आला, सून घरी आली. उपकार. शेजारच्यांच्या गिरणीचा भोंगा वाजू दे. आमेन." शेजारीण त्यांना सिस्टर म्हणायची. तिचा नवरा गिरणीच्या संपामुळे घरी बसला होता, म्हणून तो भोंगा. एवढीच प्रार्थना. मला वाटायचं, बिचाऱ्या आई, यांना अध्यात्माची खोली काही कळलीच नाही.

एका गुरुवारी मंडळीची प्रार्थनासभा आमच्या घरी होती. वीसेक माणसं दोन खोल्यांत कशीबशी मावली. गीतं झाली, पाळकसाहेबांचं प्रवचन झालं. मग साक्षीची वेळ. आमच्यात अशा सभेत ज्याला वाटेल त्याने उठून सांगायचं, देवाने आपल्यासाठी काय केलं, आणि उपकार मानायचे. कोणाचा ताप उतरलेला असतो, कोणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते. साधी माणसं, साधं बोलणं. मी उठले.

"मी प्रभूचे उपकार मानते," मी डोळे मिटून म्हणाले, "की सहनशीलता शिकवण्यासाठी त्याने मला बाहेर कुठे पाठवलं नाही. माझ्या घरातच शाळा उघडली. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, दोघांचा संसार असेल. पण देवाची योजना वेगळी होती. त्याने माझ्या सासूबाईंना आमच्याकडे आणलं. कठीण स्वभावाच्या माणसावर प्रेम कसं करावं, हे मी आज रोज शिकते आहे."

"प्रभूची स्तुती असो!" कोपऱ्यातले एक म्हातारे सवयीने म्हणाले आणि लगेच गप्प झाले.

मी बसले. डोळ्यांच्या कडेला थोडं पाणीही आलं होतं, तेही मी पुसलं नाही. कोणी बघितलं तर बघू दे. मग डोळे उघडले तर दारात आई उभ्या. हातात चहाच्या कपांचा ट्रे.

त्यांनी एकेकाला चहा दिला. मलाही दिला. पाळकीणबाईंना विचारलं, "साखर पुरेशी आहे ना?" चिवड्याच्या बशा फिरवल्या. सगळं झाल्यावर आमच्या रीतीप्रमाणे सगळ्यांना सलाम करून दारापर्यंत पोचवलं.

माणसं गेल्यावर नवरा म्हणाला, "अगं, काय बोललीस तू?"

"का? उपकारच मानले की मी!"

"आईबद्दल मानलेस, की आईच्या तावडीत अजून जिवंत आहेस त्याबद्दल?"

मी त्याला साक्ष खरी असावी लागते यावर बरंच काही ऐकवलं. आतल्या खोलीत चमचे उकळत होते.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. महिन्याचा पहिला रविवार. आमची मंडळी तेव्हा एका शाळेच्या हॉलमध्ये भरायची. पुढे टेबलावर पांढरा कपडा, भाकरीचं ताट, द्राक्षरसाचे छोटे छोटे पेले. एकेक रांग उठून पुढे जायची. आमच्यात एक रीत आहे. मनात कोणाबद्दल राग असेल तर आधी तो मिटवायचा, मग पुढे जायचं. मिटला नसेल तर जायचं नाही. म्हणून पहिल्या रविवारी सकाळी शाळेच्या नळापाशी घाईघाईने समेट व्हायचे. "ताई, त्या दिवशी काही मनात धरू नका हं," "छे हो, मी कुठे धरलं," आणि दोघी पदर सावरत आत. अगदीच कोणाला वेळ मिळाला नाही तर तो बाकावरच मनातल्या मनात सगळ्यांना घाऊक क्षमा करून मोकळा व्हायचा. बसून राहिलेलं मी कधी कोणाला पाहिलं नव्हतं.

आमची रांग उठली. नवरा उठला, मी उठले. आईंनी गुडघे बाजूला वळवले आणि आम्हाला वाट करून दिली.

मला वाटलं, गुडघे दुखत असतील!

मी पुढे गेले. गुडघे टेकले, भाकर घेतली, पेला घेतला. आणि परत येताना पाहिलं तर अख्खा हॉल आमच्या बाकाकडे बघत होता. त्या बाकावर माझ्या सासूबाई एकट्या, ताठ, पांढऱ्या साडीत, हात मांडीवर. दवाखान्यात असताना ड्यूटी संपायच्या आत युनिफॉर्मवर धावत जाऊन प्रभुभोजन घेऊन परत वॉर्डात येणारी बाई. एकही चुकवला नव्हता, असं नवरा नेहमी सांगायचा. भाकर माझ्या तोंडात होती अजून.

उपासना सुटल्यावर नळापाशी बायकांनी त्यांना घेरलं. "काय हो, तब्येत बरी नाही का?"

"तब्येत ठणठणीत आहे," आई म्हणाल्या. "मन बरं नाही. पुढच्या महिन्यात बघू."

सगळ्या बायकांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला सांगते, त्या क्षणी नळात पाणी असतं तर मी त्याखाली डोकं धरलं असतं.

त्या संध्याकाळी मी आईंपुढे बसून रडत क्षमा मागितली. अर्थात लांबलचक. माझा गर्व, माझी जीभ, माझं लहानपण, सगळं काढलं. आई गवार मोडत होत्या.

"केली क्षमा," त्या म्हणाल्या.

"मग पुढच्या वेळी प्रभुभोजनाला याल ना?"

"ते नाही सांगता येत."

"पण क्षमा केली म्हणालात!"

"तोंडाने केली गं. जखम वरून शिवली म्हणजे झाली का? आत पू राहिला तर पुन्हा उघडावी लागते. आतून भरू दे. वेळ लागतो." आणि गवारीची परात माझ्याकडे सरकवली. "शिरा काढ. त्या दिवशी तशाच ठेवल्या होत्यास."

भिंतीपलीकडून दुसऱ्या दिवशी निकाल आलाच. शेजारीण जिन्यात म्हणाली, "मी सगळा आयकलंय. माफी मागूक इतके शब्द कित्याक लागतत गो?"

तो महिना मला आठवतो तो संध्याकाळच्या प्रार्थनेमुळे. आईंचा रिपोर्ट चालू होता. "भाकर मिळाली, पाणी आलं, पोरगा घरी आला..." आणि मग एक क्षण थांबायच्या. सून घरी आली, हे म्हणायच्या नाहीत. खोटं त्यांना बोलता येत नसे, निदान देवापुढे तर नाहीच, आणि माझ्या घरी येण्याबद्दल उपकार मानायला त्यांचं मन तयार नव्हतं. एवढाच एक श्वास, मग गिरणीचा भोंगा, मग आमेन. मी रोज डोळे मिटून त्या श्वासाची वाट बघायची आणि रोज तो रिकामाच जायचा. माझ्या स्वतःच्या लांब प्रार्थना त्या महिन्यात आपोआप आखूड झाल्या. काय बोलणार?

बाकी काही बदललं नव्हतं, हाच तर त्रास होता. डबा तयार असायचा. ब्लाउजचा तुटलेला हुक न सांगता शिवलेला असायचा. शाळेतून येताना कोपऱ्यावर वळलं की गॅलरीत आई उभ्या दिसायच्या, नेहमीसारख्या. मला पहिल्यापासून वाटायचं, मी किती वाजता येते यावर पहारा आहे. एकदा जिन्यात मी शेजारणीजवळ तसं बोलून गेले.

"पहारो? अगो, तू कोपऱ्यार दिसलंस की सिस्टर भात लावतत. तुका गरम गावाचो म्हणून. दोन वर्सां एका घरात रवतंस, नि ह्या तुका म्हायत नाय?"

नव्हतं माहीत. दोन वर्षं मी गरम भात खात होते आणि त्यावर लांब प्रार्थना करत होते. तो गरम कसा असतो, हा प्रश्न मला पडला नव्हता. मी जिन्याच्या पायरीवर बसले. शेजारीण म्हणाली, "बस, बस. आता रड. पण मोठ्यान नको."

पुन्हा पहिला रविवार आला. मी काही ठरवलं नव्हतं. आमची रांग उठली, नवरा उठला. आईंनी गुडघे वळवले. मी बसूनच राहिले.

नवरा आमच्यासमोर दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे झाला, आणि शेवटी एकटाच गेला.

"ऊठ," आई कुजबुजल्या.

"आधी तुम्ही उठा."

"माझा राग अजून शिल्लक आहे."

"मग मीही बसते."

"तू कशाला? तुला कुठे राग आहे?"

"मला लाज आहे."

"लाज चालते. लाजेने जाता येतं. जा."

"नाही जाणार."

पुढची रांग उठली, गेली, परत आली. आई समोर बघत होत्या. मग मान न वळवता हळूच म्हणाल्या, "एक खरं सांग. मी एवढी कठीण आहे?"

देवाच्या घरात, प्रभुभोजन चालू असताना, मी काय सांगणार होते? नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. मी म्हणाले, "चमचे."

"काय?"

"तुम्ही रोज चमचे उकळता ना, त्याचा मला भयंकर कंटाळा येतो. वापरलेले उकळा. कपाटातले कशाला? गॅस संपतो. आणि तो आवाज डोक्यात जातो."

आई माझ्याकडे वळल्या. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी काय काय ऐकलं असेल, पण हे नव्हतं.

"मग हे मला सांगायचंस ना गं! वीस माणसांपुढे देवाला काय सांगत बसलीस? देव चमचे उकळतो का?"

मला हसू आलं. हॉलमध्ये, डोळ्यांत पाणी असताना, ते आवरेना. मी पदर तोंडात धरला. शेजारून बाक हलायला लागलं. बघते तर आईंचेही खांदे हलत होते. मागच्या बाकावरच्या बाईंना वाटलं, आम्ही दोघी रडतोय. त्यांनी मायेने माझ्या पाठीवर हात ठेवला, तशी आम्ही आणखीच हललो.

पुढे शेवटची रांग आटपली होती. पाळकसाहेबांनी ताटावर कपडा टाकला आणि शेवटच्या प्रार्थनेसाठी हात वर केले.

आई उभ्या राहिल्या. "थांबा, साहेब!" वॉर्डातल्या आवाजात. "दोघी राहिल्यात."

पाळकसाहेबांनी हात खाली घेतले, कपडा पुन्हा उचलला, आणि अख्खी मंडळी बघत असताना आम्ही सासू-सुना पुढे गेलो. आईंनी टेकताना माझ्या दंडाचा आधार घेतला. गुडघे त्यांचे खरंच दुखत होते.

घरी जाताना आम्ही मंडईतून चालत गेलो. आईंनी महिनाभराचं साठलेलं काढलं. तू पोळ्या जाड लाटतेस. ओला टॉवेल पलंगावर टाकतेस. शाळेतली पोरं घरी आणून शिकवतेस आणि खडूची पूड मी झाडते. माझ्या मुलाला उलट बोलतेस, तेही ठीक, पण त्याचा घास तोंडात असताना कशाला? आणि प्रार्थना! अगं, माणसं भुकेली बसलेली असतात. नवरा पिशवी घेऊन चार पावलं मागून चालत होता, मध्ये पडायची त्याची हिंमत नव्हती. भाजीवाल्यापाशी त्या थांबल्या, मेथीची जुडी निवडली, आणि पुढे पुन्हा सुरू झाल्या.

मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनातल्या मनात, कोणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात, एकेका वाक्याला उपकार, उपकार म्हणत होते.