पदराआडची बाटली

माझी रजा तीनच महिन्यांची. जळगाव जामोदच्या एका कचेरीत मी कंत्राटी ऑपरेटर; तान्ही लेक सासूबाईंकडे ठेवून परत कामावर रुजू झाले. सकाळी पंपाने दूध काढून दोन बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि जायचं. दुपारी रेकॉर्डच्या खोलीला आतून कडी लावून, फायलींच्या गठ्ठ्यांकडे तोंड करून पुन्हा काढायचं.

आणि सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "पोरगी वरच्या दुधावर हाये."

वरचं दूध म्हणजे गाईचं, म्हशीचं, डब्यातलं. माझं डोकंच फिरलं. "आई, माहंच दूध हाये ते!"

"अवं, अंगावर पेत नाही तं वरचंच झालं ना," त्या म्हणाल्या आणि गवार मोडत बसल्या.

एकदा मी लवकर घरी आले. सासूबाई ओट्यावर बसलेल्या, लेक मांडीवर, आणि तिच्या तोंडावर त्यांचा पदर. रस्त्यावरून कुणालाही वाटावं, बाई पोरीला अंगावर पाजतेय. पदर सारला तर आत बाटली. "दुधाले नजर लागते वं," त्या म्हणाल्या. आमच्याकडे सगळ्याच बाया झाकून पाजतात, त्यात नवल काही नव्हतं. पण लेकीच्या घोटांचा आवाज ऐकून मला पान्हा फुटला, ब्लाऊज भिजला आणि ती तिकडे पीत राहिली. मला सासूबाईंचा हेवा वाटला. साधासुधा नाही, अंगाची लाही करणारा.

संध्याकाळी मी जवळ घेतलं की लेक दोन वेळा ओढून तोंड फिरवायची. बाटलीतून सहज येतं, माझ्याकडे मेहनत. मग मी मेडिकलमधून सर्वांत बारीक भोकाचं निप्पल आणलं आणि गुपचूप बदललं. नवऱ्याला सांगितलं, अंगावरची सवय मोडू नये म्हणून. खरं म्हणजे सासूबाईंच्या मांडीवरही तिने जरा रडावं, एवढीच माझी इच्छा होती. त्या तासतास बसून पाजू लागल्या. कुरकुर एका शब्दाची नाही. पोरगी त्यांनाच जास्त चिकटली; माझा डाव माझ्यावरच उलटला.

मग एका रविवारी त्या गल्लीतल्या बायकांसोबत शेगावला दर्शनाला गेल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आज पोरगी माझी. पण तिने मला धुडकावलं. बाटली दिली, तीही जिभेने ढकलली. ओढणीने झाकून पाहिलं, ओट्यावर बसून पाहिलं. दुपार झाली, पोटात थेंब नाही, रडून रडून आवाज बसला. शेवटी मी सासूबाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"काऊन रडून राह्यली वं माही बाई? पे वं माय, पे."

लेक थांबली. फोनकडे बघत तिने बाटली तोंडात घेतली.

तिकडे कुणीतरी म्हणालं, "चाला ना मावशी, रांग सरकून राह्यली."

"जा तुम्ही समोर," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा लेकीशी बोलू लागल्या. दूध माझं, मांडी माझी, आणि पोरगी पीत होती त्यांच्या शब्दावर. मी जळत होते, आणि बाटली हलू नये म्हणून श्वासही जपून घेत होते.

"पेली का वं? ठेवू का फोन?"

अर्धी बाटली बाकी होती.

"नोका ठेवू, आई," मी म्हणाले. "बोलत राहा."