मिटू न दिलेला डोळा

डोळा मिटत नव्हता. मिटणार कसा? तारेच्या चिमट्यानं दोन्ही पापण्या आम्हीच फाकवून धरल्या होत्या.

बाळ अकोल्याच्या जुन्या शहरातलं, वेळेआधी जन्मलेलं, जेमतेम सव्वा किलोचं. अशा बाळांच्या डोळ्यात मागच्या पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या वाढतात. वेळेत लेसर केला नाही तर पडदा सुटतो. मग कायमचा अंधार. आमचे सर, डोळ्यांचे डॉक्टर, आठवड्यातून एकदा अमरावतीहून लेसरची पेटी गाडीत टाकून अकोल्याच्या दवाखान्यात येत. पुढच्या आठवड्यापर्यंत हा डोळा थांबणार नव्हता.

शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत वऱ्हाडात पाहणी पथकं सारखी येत. शेतं पाहत, फोटो काढत. या बाळांचे डोळे पाहायला एकही पथक आलं नाही. मी त्यावर निषेधाची पत्रकं काढायची, चौकात वाटायची. पोटापाण्यासाठी सरांची असिस्टंट होते.

बाहेर मे महिन्याची दुपार. आत काळे पडदे. सगळ्यांना लेसरचे रंगीत चष्मे, बाळाच्या पायांशी उभ्या केलेल्या त्याच्या आजीलाही. कुणाचेच डोळे दिसत नव्हते. खोलीत उघडा डोळा एकच. सरांच्या डोक्यावरच्या दिव्यानं त्याची बाहुली निखाऱ्यासारखी पेटलेली. माझं काम कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची काच, ओली ठेवायचं. ती धुरकटली की आतलं दिसत नाही.

"दिसत नाही," सर म्हणाले.

मी वाकले. निखारा विझत चालला होता. त्यावर राख चढत होती. आणि डोळा माझ्यावरच रोखलेला.

"या अल्ला! डोया पांढरा होऊन राहिला त्याचा," आजी पुटपुटली.

"कूलर!" मी ओरडले. "इकडे तोंड करून कुणी लावला? बाळाच्या डोळ्यावर वारा सोडता? लाज वाटत नाही?"

दवाखान्यातल्या शालूसिस्टरनं बटण दाबलं. "घे, केला बंद. आता बोंबलू नको."

घरघर थांबली. फक्त बाळाचं बारीक रडणं उरलं. राख वाढतच होती.

"तू काय टाकून राहिली त्याच्या डोयात?" सिस्टरनं विचारलं.

"मीठपाणी. आणि रडलं की बधिर करायचा थेंब."

"कितीक वेळा रडलं?"

मी थेंबाच्या कुपीकडे पाहिलं. ते थांबलंच कधी होतं?

"अवं माय! त्यानंच खराब होते काच. तो थेंब सुरुवातीले. मंग नुसतं पाणी."

"चिमटा काढा," सर म्हणाले.

पापणी मिटली. खोलीत माणसं परत आल्यासारखं वाटलं. सिस्टरनं बाळाच्या जिभेवर साखरपाणी टेकवलं. आम्ही वाट पाहिली. मग पुन्हा चिमटा, ओल्या बोळ्याचा हलका हात, मीठपाणी. बाळ रडलं. माझा हात बधिर करायच्या थेंबाच्या कुपीकडे गेला. मी तो मागे घेतला. किती वेळा, ते मलाच ठाऊक. राख हळूहळू उतरली, निखारा दिसला. लेसर पूर्ण झाला.

काही महिन्यांनी आजी बाळाला घेऊन ओपीडीत आली. "पाह्य ना बाई, माहा चष्मा दिसला की ओढते!"

कूलरबद्दल मी सिस्टरची माफी मागितली नाही. तो बंदच हवा होता. पण सोबत काम करणाऱ्यांसाठी मी एक पत्रक काढलं: बधिर करायचा थेंब सुरुवातीला, मग बाळ कितीही रडो, डोळ्यात मीठपाणीच. कुणाचाही निषेध नसलेलं माझं ते एकमेव पत्रक.